पातळ रसावरची जात

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘खानावळ’ म्हणत. जिवाणूंचं अन्न शिजवणं हेच तिचं काम होतं. साखर, क्षार आणि यीस्टचा अर्क तोलून घ्यायचा, पाण्यात विरघळवायचा आणि पिंपाएवढ्या प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक करायचा. तिथे तिचा हात कधी चुकला नाही. घरी मात्र भाजीत मीठ घालायचं राहून जाई. नवरा म्हणे, एखाद दिवस मलाही तुझ्या जिवाणूंच्या पंगतीला बसव.

त्या जिवाणूंमध्ये तिची एक लाडकी जात होती. वाटाण्याच्या मुळावर गाठी करून राहणारी, हवेतला नत्र रोपाला मिळवून देणारी. मुलगा झाला त्या वर्षी ती तिच्या ताब्यात आली. तेव्हापासून जुन्या नळीतून नव्या नळीत, नेहमी घट्ट, भरपूर अन्नावर तिनं ती वाढवली. मुलगा नोकरीला लागून घराबाहेर पडला. ही अजून तिच्याच हाताखाली होती.

नव्या प्रमुख बाईंनी शीतकपाट आवरायला काढलं. जी जात मातीतल्या रानटी जिवाणूंशी झुंजून मुळावर जागा मिळवेल ती राहील, बाकीच्या जातील, असं त्यांनी ठरवलं. खानावळ निर्धास्त होती. स्वच्छ वाळूत, एकटी असताना, तिच्या जातीनं मुळं गाठींनी लगडून टाकली होती.

या वेळी कुंड्यांत माती होती. रोपं उपटल्यावर मुळं तिनंच धुतली. गाठी पुष्कळ होत्या. प्रत्येक गाठ कापून अर्धी रंगात बुडवायची आणि अर्धी ओल्या कागदावर जपायची. तिच्या जातीला ओळखीची खूण दिलेली होती. गाठीत ती असेल तर रंगातला तुकडा निळा होणार. ती वाट बघत बसली. तुकडे पांढरट ते पांढरटच राहिले. इथे एक निळा, तिथे एक. बस.

बाईंनी खुर्ची तिच्या शेजारी ओढली. मुळातून पाझरतं ते फार थोडं, त्या सांगू लागल्या. किंचित साखर, थोडी आम्लं, कसले कसले उरलेसुरले पदार्थ. रानटी जिवाणू त्यावरही भराभर वाढतात. आपल्या जातीतल्या बहुतेक जिवाणूंची तसलं पचवायची ताकद गेली आहे. नळीत तिची गरजच पडली नाही, म्हणून गेल्याचं कळलंही नाही.

“रोपाला आपली जात नको आहे असं नाही, मावशी. ती पोचेपर्यंत जागा भरलेल्या असतात.”

“म्हणजे मीच बिघडवली.”

बाईंनी नाही म्हटलं नाही. “इतकी वर्षं जगवलीत तीही तुम्हीच. आणि निळ्या गाठींचे अर्धे तुकडे अजून जिवंत आहेत. ज्यांनी जागा मिळवली ते त्यांच्यात आहेत. त्यांच्यापासून परत वाढवू. फक्त जेवण मी सांगेन तसं.”

ते जेवण म्हणजे जवळजवळ पाणीच. मुळातून जे पाझरतं तेवढंच, तेही चिमूटभर. ढवळताना तिचा हात सवयीनं अर्काच्या बरणीकडे गेला. तिनं तो मागे घेतला आणि बरणी वरच्या फळीवर ठेवून दिली. नळ्यांमधली वाढ इतकी विरळ दिसे, की ती नळी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राही.

पुढच्या कुंड्यांतल्या गाठी कापल्या तेव्हा निळे तुकडे पांढऱ्यांच्या बरोबरीनं होते. बाईंनी नव्या नळ्या शीतकपाटात पुढच्या रांगेत लावल्या. फेकून देण्याआधी जुन्या निर्जंतुक करायच्या होत्या. त्या कुकरमध्ये तिनं स्वतः ठेवल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. झाकण आवळल्यावरही ती जरा वेळ तिथेच उभी राहिली.

त्या दिवशी घरी भाजीत मीठ दोनदा पडलं. नवऱ्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि आणखी वाढून घेतली.