मंगळवार-शुक्रवारच्या बाई

“आधी दिसा, मग बोला, मग हात लावा.” बाईंचं हे वाक्य आमच्या अख्ख्या शाळेला पाठ होतं. काहीजण नक्कलही करायचे. बाई मात्र खरंच तशा वागायच्या. कुठल्याच मुलाला मागून हाक नाही. वळसा घालून समोर जायचं, गुडघे कुरकुरले तरी खाली बसायचं, मूल आपल्याकडे बघेपर्यंत गप्प राहायचं. रिक्षावाल्यालासुद्धा त्या मागून हाक मारत नसत. समोर जाऊन उभ्या राहायच्या. तो हॉर्न मारायचा.

तुमच्या मुलांच्या शाळेतही अशा एक बाई येत असतील, बघा. ज्या मुलांना बोलायला, ऐकायला, चालायला, समजायला अडचण आहे त्यांच्यासाठी नेमलेल्या. एका बाईंच्या वाट्याला किती तरी शाळा, म्हणून कुठलीच शाळा त्यांची नाही. आमच्या कात्रपच्या शाळेत त्या मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या, बाकीचे वार अंबरनाथ, उल्हासनगर. शिक्षकांच्या खोलीत त्यांना खुर्ची नव्हती. जिन्याखाली मोडके बाक आणि खेळाच्या चटया ठेवायची खोली होती, ती त्यांना मिळाली.

मीही तिथंच डबा खायची. मी शाळेत मदतनीस. माझं गाव तिकडे लांब वाशीमकडे. गावात शाळा सातवीपर्यंत, तिथंच माझीही संपली. नवरा आनंदनगरला कंपनीत, पाळ्यांवर. आम्ही एकमेकांना जास्त करून झोपलेलंच पाहिलंय. त्यामुळे मोकळं बोलणं व्हायचं ते बाईंशी, आठवड्यातून दोनदा.

सगळी शाळा मला मावशी म्हणते. बाई माझ्या आईच्या वयाच्या, पण त्याही विचारायच्या, “मावशी, डब्यात काय?”

एकदा मी विचारलं, “बाई, तुमच्या घरी कोण असतं?” त्या वांगणीला नव्या बिल्डिंगमध्ये एकट्या राहायच्या.

“टीव्ही आहे. तो बोलतो, मी ऐकत नाही. संसारच झाला की.” हसल्या आणि माझ्या डब्यातली चटणी उचलली.

पिहू तेव्हा दुसरीत. ती बोलत नाही. तिच्यासाठी बाईंनी चित्रांची कार्डं एका रिंगमध्ये ओवून दिली होती. भूक लागली की पोळीचं कार्ड द्यायचं, घरी जायचं असेल तर घराचं. बाई नसतील त्या दिवशी पिहूजवळ मी बसायचं, असं ठरलं.

“बाई, मी सातवी शिकलेली. माझ्या हातून पोरीचं काही चुकलं तर?”

“तुम्हाला काय तिला भूमिती शिकवायचीय? चुकतं हो, माझंही चुकतं. बसा.”

पिहूची एकच अडचण सगळ्यांना नडायची. ती पळायची. वर्गातून उठून थेट ऑफिसात. एकदा तर फाटकाबाहेर, रस्त्यावरच गेली. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिच्या आईला बोलावलं. “उद्या गाडीखाली आली तर जबाबदार कोण? दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर घरी राहून शिकणाऱ्या मुलांत तिचं नाव घालू.”

आई तिथून उठली. जिन्याखाली आल्यावर बाईंना म्हणाली, “घरी बसवली तर संपलंच ना, बाई. चाळीत कोण खेळतंय तिच्याशी? इथं निदान पोरं दिसतात तिला.”

त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही.

रविवारी त्या मला घेऊन पिहूच्या घरी गेल्या. चहा झाला. पिहू उठली, कोपऱ्यात गेली आणि पाण्याच्या निळ्या जारवर तळवा ठेवून उभी राहिली. आईनं बोलता बोलता ग्लास भरून तिला दिला.

बाईंनी कप खाली ठेवला. “पाणी असंच मागते?”

“हो. आधीपासून.”

बाईंनी पिहूच्या दप्तरातून रिंग काढली आणि पाण्याचं कार्ड शोधलं. त्यावर लाल माठ होता, वर पाणी काढायचं ओगराळं.

“माठ आहे का घरात?”

“नाही हो. इथं राहायला आलो तेव्हापासून जारच लावलाय.”

बाईंनी कपाळावर हात मारला. “वर्षभर मी पोरीला कुंभाराचं दुकान दाखवतेय!”

मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला. ऑफिसात अगदी असाच निळा जार होता. ती रस्त्यावर गेली तेव्हा फाटकाबाहेर जारवाल्याचा टेम्पो उभा होता. दप्तरातल्या बाटलीला ती तोंड लावत नव्हती, त्याला आम्ही हट्ट म्हणायचो. पोरगी तहानलेली होती.

बाईंनी जारचा फोटो काढला, छापून आणून कार्डावरच्या माठावर चिकटवला. मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं, “चूक तिची नव्हती. माझी होती.”

पिहू लगेच काही शिकली नाही. ती ऑफिसात पळायची, मी कार्ड घेऊन मागे. जारपाशी कार्ड तिच्या हातात द्यायचं, तिच्या हातून माझ्या हातात घ्यायचं, मग पाणी. दिवाळी जवळ येत होती आणि मला जेवण जात नव्हतं.

एका बुधवारी, गणिताच्या तासाला, पिहूनं जागेवर बसूनच रिंग उलटली आणि जारचं कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं. मी अशी धावले की अर्धं पाणी जिन्यात सांडलं. मग बाईंना फोन लावला.

“वर्गात आहे मावशी, पटकन बोला.”

“पिहूनं पाणी मागितलं.”

पलीकडे पोरांचा गलका. मग त्या म्हणाल्या, “दिलंत ना?”

पिहूचं नाव शाळेत राहिलं.

जूनमध्ये शाळा उघडली, पण मंगळवारी बाई आल्या नाहीत. शुक्रवारीही नाही. त्या कंत्राटावर होत्या, त्यांना मुरबाडकडच्या शाळा दिल्या होत्या. आमच्याकडे निरोपाचा नारळ कायमच्या शिक्षकांना मिळतो. बाईंचं जाणं पुष्कळांना आठवडाभर कळलंच नाही. मला एकदा फोन आला, “इकडे रेंज नाही मावशी, मुलं मात्र भरपूर आहेत.” नंतर लागतच नाही.

जायच्या आधी बाईंनी रिंगमध्ये माणसांचे फोटो घातले होते. पिहूची आई, वर्गाच्या बाई, मी. “तुमचाही घाला ना,” मी म्हटलं होतं.

“नको. मी येणारी-जाणारी. तिनं मागितलं आणि मिळालं नाही, तर कार्डांवरचा विश्वास उडेल तिचा.”

पिहू आता तिसरीत आहे. पळत नाही. मंगळवारी मात्र ती जिन्याखाली येते, चटईवर बसते आणि रिंग उलटायला लागते. जार, पोळी, घर, आई, वर्गाच्या बाई, मी. शेवटचं कार्ड झालं की थोडी थांबते. मी पाण्याचा ग्लास पुढे करते. ती तो हातानं बाजूला सारते आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागते.