पॉलिसीत न बसलेली दुखणी

चार फिजिओथेरपिस्ट एकत्र बसलो की पेशंटच्या गोष्टी निघतात. माझ्याकडे मात्र क्लेमच्याच गोष्टी जास्त साठल्यात. नव्वदचं दशक संपता संपता मी शहापूरला एस.टी. स्टँडमागे दवाखाना थाटला. गुडघा कसा वाकवायचा, खांदा कसा सोडवायचा, हे कॉलेजात शिकवलं होतं. इन्शुरन्स कंपनीशी कसं बोलायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. मेडिक्लेम तेव्हा आमच्या भागात नवाच होता. ज्याच्याकडे पॉलिसी असे त्याला वाटे, आता सगळं फुकट! "तसं नसतं हो" हे सांगायचं काम माझ्या वाट्याला येई.

*

मुरबाडचे एक निवृत्त गुरुजी. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मुंबईतल्या मुलाने आईवडिलांची पॉलिसी काढून ठेवली होती. मी दर मंगळवारी मुरबाडला जाऊन गुरुजींचा व्यायाम घ्यायचे. त्याचा क्लेम लावला, तर कंपनीचं पत्र आलं: पेशंट ॲडमिट नसताना घरी केलेले उपचार मंजूर होत नाहीत.

काकूंनी पत्र माझ्यापुढे धरलं. "काय लिवलंय बघा, बाय. इंग्रजी हाय."

मी मराठीत सांगितलं. काकू म्हणाल्या, "जाऊ द्या. देवानं ह्यांचा हात नेला, तिथं आपण कुणाशी भांडलो?"

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"अपील!"

आजारपणानंतर गुरुजींच्या तोंडून निघालेला तो पहिला स्पष्ट शब्द! काकू पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. अपील केलं. तेही फेटाळलं गेलं. पण तोवर गुरुजी "चहा" म्हणायला लागले होते, मुलाचं नाव घ्यायला लागले होते. आणि एका मंगळवारी माझी बस चुकली, तर दारातच मला म्हणाले, "उशीर!"

*

भातसानगरला धरणावर कामाला असलेल्या एका माणसाची बायको गुडघ्यासाठी यायची. माझ्या कागदावर तिचं नाव कमल, पॉलिसीवर कमलाबाई, रेशनकार्डावर कमळी. कंपनीतला क्लार्क फोनवर म्हणाला, "मॅडम, या तीन वेगळ्या बायका दिसतायत."

नवरा समोरच बसला होता. त्याने रिसीव्हर मागून घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, तिघी असतील. पण गुडघा एकच हाय."

*

खर्डीचे एक किराणा दुकानदार. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. क्लेमची चौकशी करायला कंपनीचा माणूस थेट त्यांच्या दुकानात गेला. आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, एवढा एकच नियम शेटजींना ठाऊक. ते काठी टेकत उठले, आत गेले, तांब्या घेऊन आले.

त्याने रिपोर्ट दिला, "पेशंट चालतो. त्याला थेरपीची गरज दिसत नाही."

शेटजी माझ्याकडे आले तेव्हा त्यांचं तोंड उतरलं होतं. "मी उठाय नको होतं का, मॅडम?" पाणी दिल्याचं वाईट वाटून घेणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. रागाच्या भरात मी कंपनीला एकाच ओळीचं पत्र धाडलं: "चालावा म्हणूनच थेरपी दिली."

उत्तर आलं नाही. चेक आला.

*

सगळेच क्लेम काही असे सुटत नसत. डोंगरातल्या पाड्यावरचा एक तरुण बाप आसनगावच्या कारखान्यात कामाला होता. जन्माच्या वेळी त्याची मुलगी रडलीच नव्हती, आता मान धरत नव्हती. कारखान्याची पॉलिसी होती, त्यात मुलंबाळंही धरलेली. कंपनीने कळवलं: आजार जन्मजात आहे, म्हणजे आधीपासूनचा आहे, सबब क्लेम नामंजूर.

त्याने मला दोनदा वाचायला लावलं. मग मांडीवरच्या मुलीकडे बघत विचारलं, "बाय, पोरीच्या आधी तिचा आजार कसा जल्मला?"

त्यानंतर मी त्याच्या बायकोला सगळे व्यायाम शिकवले. तिने घरी अर्धं भरलेलं भाताचं पोतं भिंतीला लावलं आणि मुलीला त्याला टेकवून बसवायला लागली. पुढच्या भातकापणीला ती दोघं पोरीला घेऊन दवाखान्यात आली. पोर बाकावर बसली होती. मागे काही नव्हतं.

*

आणि वनिता. खर्डीच्या पुढच्या पाड्यातली सून. हायवेवर एका टेम्पोने नवराबायकोला उडवलं. नवरा जागीच गेला, हिचा उजवा खांदा मोडला. ऑपरेशननंतर सासू तिला माझ्याकडे घेऊन यायची. टेम्पोच्या इन्शुरन्स कंपनीवर भरपाईची केस लागली होती. हात छातीपर्यंत उठायला लागला, आणि एक दिवस सासू एकटीच आली.

"बाय, आता व्यायाम नको. वकील बोलतो, हात जेवडा कमी उठंल तेवडी भरपाई जास्ती."

मी म्हटलं, "आत्ता थांबलात तर खांदा कायमचा धरून बसेल हो!"

सासू म्हणाली, "माजा पोरगा तर आता येत नाय. नातीचं तरी व्हायला पायजे ना? आनि वनिताला दुसरा हात हाय."

त्यानंतर दोघी आल्या नाहीत. पुढे खूप दिवसांनी मला ठाण्याच्या कोर्टात साक्षीला बोलावणं आलं. व्हरांड्यातल्या बाकावर सासूसुना बसल्या होत्या. वनिताचे केस पाठीवर मोकळे सोडलेले. वकिलाने तसं सांगून ठेवलं होतं. बाईला स्वतःचे केससुद्धा बांधता येत नाहीत, हे आत दिसायला हवं होतं. समोरच खिडकीशी कंपनीचा वकील उभा होता.

नावाचा पुकारा झाला. वनिता उठली. तिने एकदा सासूकडे बघितलं. मग दोन्ही हात उचलून डोक्यामागे नेले, केस गोळा केले, पीळ दिला आणि अंबाडा बांधला. उजवं कोपर डाव्याच्या बरोबरीने वर गेलं होतं. माझ्याकडे शिकलेले व्यायाम तिने घरी चोरून चालूच ठेवले असणार.

"अहो, काय करताय!" आमचा वकील दबक्या आवाजात ओरडला. कंपनीचा वकील बघतच राहिला.

नुसत्या पिळाचा अंबाडा सुटायला लागला. सासू उठली. तिने स्वतःच्या डोक्यातला आकडा काढला, सुनेच्या अंबाड्यात घट्ट खोचला आणि म्हणाली, "जा गो आता."