बांगडीत अडकलेला केस

हात पुसताना दिसलं, बांगडीच्या नक्षीत एक लांब पांढरा केस अडकला होता. माझे केस काळे, आखूड. हा शेजारच्या मालूताईंचा.

चार दिवस नळाला पाणी नव्हतं. दुपारी टँकर आला, तेव्हा आम्ही सगळ्या बायका "आधी तुम्ही घ्या हो" म्हणत रांगेत उभ्या होतो. मग कुणीतरी ओरडलं, "संपत आलं!" पुढचं नीटसं आठवत नाही. माझी बादली भरली, एवढं आठवतं. मालूताईंचा अंबाडा माझ्या मुठीत होता, तेही आठवतं. मला त्यांचा राग आला नव्हता, हे जास्त वाईट. त्या क्षणी त्या मालूताई नव्हत्याच, नुसता मधे आलेला अडथळा होता.

आणि मी कोण? कामवाल्या मावशींना अहो-जाहो करणारी, मुंग्यांची रांग ओलांडताना पाय जपून टाकणारी. चार दिवस पुरला हा सगळा चांगुलपणा.

केस सोडवत होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात मालूताई. परवा मी लोणचं घालून दिलेली वाटी परत करायला आल्या होत्या. रिकामी कशी द्यायची, म्हणून तिच्यात शेंगदाण्याची चटणी भरून आणली होती.

"तुला मिळालं ना गं पाणी?" त्यांनी विचारलं. "मला कुणीतरी मागून ओढलं बघ. कोण ते दिसलंच नाही."

उजवा हात पाठीमागे धरून मी डाव्या हाताने वाटी घेतली, आणि आतली भरलेली बादली दिसू नये म्हणून दार थोडं लोटून घेतलं.