साडूंच्या दुकानातला समुद्र

सोलापुरापासून समुद्र लांब आहे, असं म्हणणारा माणूस आमच्या थोरल्या साडूंच्या सराफी दुकानाची पायरी कधी चढलेला नसणार. तिथं बसलं की पाच मिनिटांत गिऱ्हाईक थेट समुद्राच्या तळाशी. साडू पिढीजात सोनार, हात असा की बघत राहावं. पण एका निवांत दुपारी मोबाइलवर त्यांना समुद्रतळावरची काळा धूर ओकणारी धुराडी दिसली, आणि तेव्हापासून "सोनं दाखवा" म्हणणाऱ्याला ते आधी सोनं होतं कसं तेच दाखवतात. "खाली खडक लई तापलेला. भेगांतनं समुद्राचं पाणी आत मुरतं, तापतं, खडकातलं तांबं, जस्त, सोनं ओढून घेतं. पण सोनं मानी हो! नुसत्या पाण्यासंगं येत न्हाय. गंधकानं हात धरला तरच निघतंय." इथं ते समोरच्याचा हात खरोखरच धरतात. "वर आलं, गार पाणी लागलं, की गंधकाचा हात सुटला. सोनं बसलं तितंच, धुराड्याच्या भिंतीत!" सगळंच सोनं असं होत नाही, हे ते कबूल करतात, पण अगदी शेवटी आणि पुटपुटत. माढ्याकडची एक म्हातारी एकदा वैतागून म्हणाली, "आवं, मला नाकातली फुली पायजे. समुद्र घिऊन मी काय करू?" पुढच्याच महिन्यात ती सुनेला घेऊन आली आणि म्हणाली, "हिला ते गंधकाचं सांगा की."

घरीही तीच गत. कुकरमध्ये वाफ धरली की साडू स्वयंपाकघरात हजर. खोल पाण्याच्या दाबामुळे तिथलं पाणी एवढं तापूनही उकळत का नाही, हे कुकरवरून समजावताना ते कुणाला गॅस बंद करू देत नाहीत. त्या घरात मी मोकळा भात कधी खाल्लेला नाही. आमच्या अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, अखेर शिट्ट्या मोजणंच सोडून दिलं.

मग त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, गौरीचं, लग्न ठरलं. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक सासरची, एक माहेरची. सासरची वाटी महिनाभर आधीच आली. माहेरची साडूंनी करायची होती. त्यांच्या हाताला ते अर्ध्या तासाचं काम. पण रोज "उद्या करतो की" म्हणत हळदीचा दिवस उजाडला. "जगाच्या लेकींच्या वाट्या केल्या, आपल्या लेकीची तेवढी राहिली!" असं म्हणत अक्कांनी मला दुकानात पिटाळलं. वाटीशिवाय मुलगी बोहल्यावर उभी राहणार कशी, ही त्यांना काळजी.

साडू शेगडीपुढे बसले होते. मुशीत त्यांच्या आईची जुनी अंगठी, आटवायला ठेवलेली. आच मात्र लावलेली नव्हती. मी समोर बसलो तरी समुद्राचं नाव नाही. मला धडकीच भरली. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "साडू, गंधकाचं पुढं काय होतं म्हणालात?"

त्यांनी मुशीतली अंगठी चिमट्यानं सारखी केली. "हात सुटतो," म्हणाले. "सुटल्याबिगर सोनं जाग्याला बसत न्हाय." आणि त्यांनी आच पेटवली. वाटी अर्ध्या तासातच झाली. तशी देखणी वाटी त्यांच्या हातूनही पूर्वी झाली नव्हती. धूर डोळ्यांत गेला, असं आम्ही दोघंही म्हणालो.

लग्नानंतर आठवड्यानं मी दुकानात असताना गौरीचा फोन आला. साडूंनी तो मलाही ऐकू येईल असा लावला. "बाबा, सासूबाई विचारत होत्या, माहेरची वाटी एवढी सुरेख कुणी केली? मग मी समुद्राच्या तळापासून सुरुवात केली. शेजारच्या बायकासुद्धा येऊन बसल्या!"

साडू खुर्चीतून अर्धे उठले. "गंधकापर्यंत पोचलीस का?"

"सासूबाईंचा हात धरूनच सांगितलं की!"

साडू एवढ्या मोठ्यानं हसले की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. फोन ठेवल्यावर थोड्या वेळानं एक बाई मुलीसाठी कानातलं बघायला आली. साडूंनी तिला काही न सांगता सरळ कानातली दाखवली, नजर मात्र अजून फोनवरच. मला ते बघवेना. मीच त्या बाईला म्हटलं, "ताई, बसा जरा. सोनं होतं कसं, ते ऐकून घ्या."