मामांची आवडती पाथरी

लाज नावाची वस्तू जन्मापासून ज्याच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही असा अख्ख्या पुण्यात एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा. मामा कर्वेनगरात राहतात आणि खिशात पिशवी बाळगून गावभर पाथरी खुडत हिंडतात. पाथरी म्हणजे जमिनीला चिकटून वाढणारी, पान तोडलं की पांढरा चीक येणारी, पिवळ्या फुलांची कडू रानभाजी. लोक तिला गवत समजून तुडवतात; मामांच्या मते ती पित्तावर, काविळीवर, बाळंतिणीच्या दुधावर, फार काय, जावयाच्या आळसावरही चालते. एकदा आम्ही ओळखीच्या एका घरी दुखवट्याला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि मामा खिडकीतून अंगणाकडे बघत गेलेल्यांच्या मुलाला हळूच म्हणाले, "तुमच्याकडची पाथरी जून व्हायला आलीय. नेऊ का?" मी जागच्या जागी गार पडलो. त्याहून कहर हिंजवडीला झाला. ऑफिसात मला फोन आला, तुमच्या नातेवाइकांना गेटवर पकडलंय. धावत खाली गेलो तर मामा कंपनीच्या हिरवळीवर उकिडवे बसून वॉचमनला समजावत होते, "हिरवळ कंपनीची, तण माझं. तुमचं काय जातंय?" शेजारी माझे साहेब उभे. तोंड कुठे लपवावं कळेना.

आता स्पष्ट सांगायचंच असं ठरवून दिवाळीनंतर एका दुपारी मी त्यांच्या घरी थडकलो. मामा जेवत होते. मामींना दोनतीन वर्षांपासून सगळ्याचा विसर पडत चाललाय. मला तर त्या ओळखतच नाहीत. पण वाढताना हात अगदी सराईत. लसूण घातलेली पाथरी वाढत त्या मामांना म्हणाल्या, "घ्या की अजून. तुम्हाला आवडते ना." मामांनी वाटीभर भाजी डोळे मिटून गिळली आणि वर घटाघटा पाणी प्यायले. मामी आत गेल्या तसं मी विचारलं, "अहो मामा, तोंड का असं केलंत?"

"मला कडू अजिबात खाववत नाही, जावईबापू. लग्न झाल्यावर हिनं पहिल्यांदा ही भाजी केली, तेव्हा बरं दिसावं म्हणून छान झालीय म्हणालो. आता माझ्याबद्दल तिला तेवढंच आठवतं. ताटात पाथरी असली की मी तिचा नवरा असतो."

"आणि ते पित्त, कावीळ?"

"लोकांना काहीतरी सांगावं लागतं ना."

सांगायला आलो होतो ते न सांगताच मी उठलो. दुसऱ्या दिवसापासून हिंजवडीची पाथरी मीच खुडायला लागलो, वॉचमनच्या देखत.

गेल्या रविवारी मी आणि मामा भाजी घेऊन घरी आलो. मामींनी दार उघडलं, मामांकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "आपण कोण?"

मामा पिशवी पुढे करून म्हणाले, "तुमच्या यजमानांसाठी पाथरी आणलीय."

मामींचा चेहरा खुलला. "बरं झालं हो. फार आवडते त्यांना. येतीलच एवढ्यात."

"मग थांबतो मी," असं म्हणून मामा खुर्ची ओढून बसले.