हेमंत परत का आला

हे मी आजवर कोणालाच बोललो नाही. बायकोलाही नाही. खरं तर सुजातापासून मला काही लपवता येत नाही. बाहेर वडापाव खाऊन आलो तर ती दारातच ओळखते. पण हे मात्र लपलं. कसं लपलं, याचंच मला कधी कधी भय वाटतं.

तुम्ही डोंबिवलीचे नाही ना? आधी विचारून ठेवलेलं बरं. आमच्या डोंबिवली-कल्याणात एका गल्लीत शिंक आली तर तिसऱ्या गल्लीतून औषध सांगतात. आता आम्ही ठाण्यात, माजिवड्याला राहतो. इथे शेजारच्याचं नावही कोणाला ठाऊक नसतं. तरी सवय जात नाही. बोलताना मी अजून दाराकडे बघतो.

तर — सुरुवात करायची ती एका ऑस्ट्रेलियन रॉक बँडपासून. हसू नका. माझ्यासारख्या, नोकरीत आयुष्यभर टाय न लावलेल्या माणसाचा आणि रॉकचा काय संबंध? बँडचं नाव सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच फोन काढून शोधाल, आणि माझी उरलीसुरली अब्रू तिथेच जाईल.

डोंबिवलीत तेव्हा आमचं एक श्रवण मंडळ होतं. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये जमायचं, एकाने एखाद्या कलाकाराची कारकीर्द सांगायची, मधे मधे त्याची गाणी लावायची. शेवटी चहा आणि बटाटेवडा. ठुमरी झाली, नाट्यसंगीत झालं, भावगीतं तर तीनदा झाली. मला काहीतरी वेगळं करायचं होतं. खरं सांगू? मला फक्त वेगळं दिसायचं होतं.

सुजाताचा धाकटा भाऊ हेमंत तेव्हा मेलबर्नला इंजिनिअर होता. त्याला या बँडचं वेड. सुट्टीवर आला की माझ्यासाठी सीडी आणायचा, आणि कल्याणला माझ्या सासरी जमिनीवर मांडी घालून मला त्यांची गोष्ट सांगायचा. बंदराच्या गावातली पोरं. एकाच्या बापाच्या गॅरेजमध्ये वाजवायची. मग एका खटारा व्हॅनमध्ये सामान भरून गावोगावच्या पबमध्ये. तिकडे दोन गावांमध्ये इतकं अंतर, की एक कार्यक्रम संपवून निघाले की दुसऱ्याला पोचेपर्यंत भांडणं होऊन मिटलेलीही असायची. पहिले दोन अल्बम कोणी विचारले नाहीत. तिसरा गाजला. आणि तो गाजत असतानाच पहिला गायक गेला, त्याच्या जागी दुसरा आला, आणि हा दुसरा त्यांना मोठमोठ्या स्टेडियमपर्यंत घेऊन गेला.

पहिला का गेला, हे हेमंतने तेव्हा सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि माझं लक्ष नव्हतं?

हेमंत कायमचा परत आला, त्यानंतर वर्षाभरात मंडळात माझी पाळी आली. समई लावली, बँडच्या फोटोला हार घातला. हो, झिपऱ्या केसांच्या, उघड्या छातीच्या त्या पाच जणांना झेंडूचा हार! पहिलं गाणं सुरू झालं तसं पुढच्या रांगेतल्या आजींनी एका हाताने कान झाकला आणि दुसऱ्या हाताने मांडीवर ताल धरला. मी रंगात आलो. पहिल्या गायकापाशी पोचलो आणि — का कोण जाणे — सांगून टाकलं, की त्याची आई अंथरुणाला खिळली होती, तिच्या सेवेसाठी त्याने कीर्तीवर पाणी सोडलं. आजींनी पदर डोळ्यांना लावला. गाण्याचे शब्द कोणालाच कळत नव्हते, मलाही नाही, पण पुढचं गाणं सगळ्यांनी आईचं समजून ऐकलं.

चहाच्या वेळी हेमंत माझ्यापाशी आला. आजूबाजूला चार माणसं. हसत म्हणाला, "भाऊजी, आईबिई काही नाही हो. त्याला काढला होता. तो दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीशी आतून बोलतोय असा बाकीच्यांना संशय आला. नंतर कळलं, तसलं काहीच नव्हतं."

चौघं हसली. हेमंतही हसला. मीही हसलो.

वडा मात्र मी तसाच बशीत ठेवला. हा मुद्दाम बोलला का? चारचौघांत? घरी सांगता आलं नसतं? त्या दिवसापासून मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. तो सुजाताशी हळू आवाजात बोलला, की मला वाटायचं माझ्याबद्दलच बोलतोय. मुलीला त्याने खेळणं आणलं, की वाटायचं मला कमी दाखवतोय. साधा माणूस होता हो. पण संशयाची एक गंमत असते — समोरचा जितका साधा, तितका जास्त लबाड वाटतो.

आणि आता मी उगाच लांबण लावतोय, हे मलाही कळतंय.

मंडळाचे चिटणीस होते खांबेटेकाका. त्यांची भाची मीनल, बँकेत नोकरीला. हेमंतसाठी तिचं स्थळ आलं होतं. पत्रिका जुळली होती. दोघं दोनदा भेटली होती, आणि दुसऱ्यांदा भेटून आल्यावर हेमंतने शिट्टी वाजवत दाढी केली, असं सासूबाईंनी सुजाताला फोन करून मुद्दाम सांगितलं होतं. बोलणी करायची, तारीख धरायची, एवढंच उरलेलं.

त्याआधी आपल्याकडे काय असतं? चौकशी. मुलगा कसा आहे हे मुलाला सोडून सगळ्यांना विचारायचं. खांबेटेकाका माझ्याकडे आले. मुलाचा सख्खा मेहुणा, वर मंडळातला माणूस — माझ्यापेक्षा भरवशाचा कोण मिळणार होता? माझ्या घरी, माझ्याच खुर्चीत बसले. सुजाता भाजी आणायला गेली होती. किती सोयीचं!

"मुलगा छान आहे हो," काका म्हणाले. "फक्त एक खटकतं. एवढी तिकडची नोकरी सोडून आला. वडिलांचं आजारपण म्हणतात, पण वडील आता बागेत फिरताना दिसतात मला. मग हा परत का गेला नाही? खरं कारण काय?"

मी थोडा वेळ बोललोच नाही. चौकशीत गप्प बसणं म्हणजे काय, हे आपल्या माणसाला सांगावं लागत नाही. मग म्हणालो, "तसा चांगला आहे... पबमध्ये वगैरे जायचा, पण ते काय, तिकडे सगळेच जातात."

पबमध्ये तो जायचा, हे खरं होतं. त्या काढून टाकलेल्या गायकाला ऐकायला. तो गायक पुढे एका लहानशा पबमध्ये दर आठवड्याला एकटा गायचा, आणि समोर दहा-बारा माणसं. त्यातला एक हेमंत.

"आणि परत येण्याचं?" काकांनी विचारलं.

"तेच तर," मी म्हणालो. "ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही."

झालं. एवढंच वाक्य.

कळलं नव्हतं? मला? अहो, त्याला फोन मीच केला होता!

सासऱ्यांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा कल्याणच्या हॉस्पिटलात मी खेपा घालत होतो. सासूबाई थकलेल्या, सुजाताच्या कडेवर मुलगी. आठवड्याभरात मला कंटाळा आला. हो, कंटाळा, दुसरा शब्द नाही. मी ऑफिसातून मेलबर्नला फोन लावला आणि म्हणालो, "हेमंत, सुट्टी काढून नको, कायमचा ये. एकुलता एक मुलगा आहेस तू. जावई कुठवर पुरणार?" तो एवढंच म्हणाला, "येतो, भाऊजी." मी वर हेही सांगितलं, की मी बोलावलं हे घरात कोणाला सांगू नकोस, सुजाताला वाईट वाटेल. सुजाताला कशाला वाईट वाटेल? मला माझी शोभा नको होती.

त्याने नाही सांगितलं. आजपर्यंत नाही. सासरे पुढे चालायला लागले, पण तोवर त्याची तिकडची नोकरी गेली होती, घर गेलं होतं. लोकांनी विचारलं तर म्हणायचा, "आलो असाच." त्याचं हे "असाच" माझ्यासाठी होतं. आणि त्याच "असाच"कडे बोट दाखवून मी खांबेटेकाकांना म्हणालो, आम्हालाही कळलेलं नाही.

खांबेट्यांकडून निरोप आला — पत्रिका जुळत नाही. हेमंत निरोप ऐकून इतकंच म्हणाला, "पण ती तर आधीच बघितली होती ना?" मी पंख्याकडे बघत होतो. पुढे आणखी दोन-तीन स्थळं आली आणि तशीच गेली. गावात पसरलं होतं, काहीतरी आहे. काय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे खोडून तरी काय काढणार? नंतर त्यानेच सांगितलं, की आता बघू नका.

इथेही थांबलो नाही मी. सासूबाईंना वाटलं, कोणीतरी कान भरले. कोणी? त्यांनी समोरच्या देवधरबाईंवर बोट ठेवलं. वर्षानुवर्षांचा शेजार, डब्यांची देवाणघेवाण. "तीच ती. तिच्या नजरेतच होतं," असं म्हणून सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मलाही तसंच वाटतं." त्यानंतर ते दार आमच्यासाठी बंद झालं. देवधरबाई एकदा तिळगूळ घेऊन आल्या होत्या, तो सासूबाईंनी घेतला नाही. पुढे त्या पुण्याला मुलाकडे राहायला गेल्या तेव्हा निरोप घ्यायलाही कोणी गेलं नाही. आपलं काय चुकलं, हे त्या बाईंना कधी कळलंच नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांवर संशय घेत आलोय. खांबेटेकाका रस्त्यात भेटले की वाटायचं, आज बोलणार. सुजाता "तुम्हाला काहीतरी विचारायचंय" म्हणाली की मला वाटतं, हिला कळलं, आणि तिला गॅसचं बुकिंग विचारायचं असतं.

हेमंत दर रविवारी येतो. सासरे गेले, तो आईला घेऊन कल्याणलाच आहे. केस पांढरे झाले, स्वभाव तोच. मागच्या महिन्यात जेवणं झाल्यावर त्याने मला फोनवर एक क्लिप दाखवली. त्या बँडचा निरोपाचा दौरा चाललाय. सगळे म्हातारे. शेवटच्या कार्यक्रमात त्यांनी पहिल्या गायकाला स्टेजवर बोलावलं. तो काठी टेकत आला, एक गाणं म्हणाला आणि गेला.

"माफी नाही मागितली कोणी. बघितलंत?" हेमंत म्हणाला.

हा मलाच का दाखवतोय? मी फोन त्याच्या हातात परत दिला. "मग?"

"मग काय? गाणं मस्त झालं."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आमच्या मुलीसाठी, ईशासाठी, कोलशेतचं एक स्थळ आलंय. मुलाच्या काकांची आणि हेमंतची जुनी ओळख निघाली, आणि काकांनी आमच्या घरची चौकशी करायला नेमका त्यालाच फोन केला. हेमंत उठून बाल्कनीत गेला आणि त्याने काचेचं दार ओढून घेतलं.

मी पेपर धरून बसलो. पेपर उलटा नव्हता, एवढंच. काचेतून त्याची पाठ दिसत होती. मधेच तो बोलायचा थांबला आणि बराच वेळ थांबला. ते थांबणं मला ओळखीचं होतं. माझ्या मनात आलं, की आता तो बोलेल. आणि — हे सांगायला सगळ्यात जड जातंय — माझ्या मनात पहिल्यांदा ईशा आली नाही. पहिल्यांदा मीच आलो.

दार सरकवून तो आत आला.

"काय विचारत होते?" सुजाता.

"भाऊजींबद्दल. माणूस कसा आहे म्हणाले." तो पाणी प्यायला. "म्हटलं, सरळ माणूस. आत एक बाहेर एक असलं काही नाही. डोळे मिटून पुढे जा."

"हे बरं केलंस," सुजाता हसली. "आता यांना वर चढवू नकोस फार."

मी त्याच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होतो. टोमणा, दया, काहीही. तो बडीशेपेची डबी उघडत होता.

ईशाचं लग्न ठरलंय. आपल्यात मुलीला बोहल्यावर मामा घेऊन येतो. हेमंतने त्यासाठी झब्बा शिवायला टाकलाय. मुहूर्ताला तो ईशाचा हात धरून मांडवातून चालत येईल, आणि मी समोर उभा असेन.