वर्गात उतरलेले कुवेतचे ऊन

हाशिम सरांचे विज्ञान डोळ्यांचे होते, हातांचे होते, खाऱ्या वाऱ्याचे होते. गुहागरच्या सुरूबनाआडच्या शाळेत ते शिकवू लागले, की मेणबत्तीचा सूर्य व्हावा, नारळाची पृथ्वी व्हावी आणि अवघा वर्ग अवकाशात तरंगावा! ज्ञानावर अशी माया करणाऱ्याला वंदन करावे, नाही तर कोणाला?

मोबाईलचे मात्र त्यांना वावडे. २००७ साली शिक्षकांच्या सभेत कोणी म्हणाले, "यावरही विज्ञान शिकवता येईल." सर उत्तरले, "त्या डबीत डोळे घातले, की आभाळ सुटते." सापडलेला मोबाईल वार्षिक परीक्षेनंतरच परत, हा नियम त्यांचाच.

एका शुक्रवारी नववीच्या आलियाच्या दप्तरात तो सापडला. वर्गात चार वाजलेले, मोबाईलवर दीड.

"ज्याला वेळ कळत नाही, तो काय विज्ञान शिकवणार?" सरांनी मोबाईल वर्गापुढे धरला.

"सर, त्यालाही बाकावर उभा करा!" मागून निहार म्हणाला. वर्ग हसला.

आलिया हसली नाही. "ती अब्बांची वेळ आहे, सर. कुवेतची. ती बघून आई सांगते, आता ते जेवले, आता पाठ टेकली. आज त्यांची सुट्टी. सूर्य बुडाला, मगरिबची बांग झाली, की फोन येतो, आठवड्यातून एकदाच. घरी रेंज नाही, म्हणून आई किनाऱ्यावर येते, शाळा सुटली की मोबाईल मी तिकडे नेते. उद्यापासून ठेवा सर, आज नको."

"नियम तो नियम, गो," सर म्हणाले आणि मोबाईल खिशात गेला.

सूर्यास्ताच्या निरीक्षणासाठी सरांनी वर्ग किनाऱ्यावर नेला. सुरूंच्या सावलीत आलियाची आई उभी होती. पुढे येत नव्हती. सोने वितळावे तसा सूर्य पाण्यात विरला, मशिदीतून बांग आली, आणि सरांच्या खिशात मोबाईल थरथरू लागला. मुले सरांकडे पाहू लागली. आलिया वाळूकडे पाहत होती. सरांनी आईकडे पाहिले. तिचा हात पदराशी थांबला होता.

"घे गो," सर म्हणाले. "आधी एवढेच विचार, तिथे सूर्य कुठे आहे?"

आलियाने स्पीकर लावला.

"सूर्य?" दूरवरून अब्बा हसले. "अजून चांगला वर आहे. उन्हाने डोळे दिपतात. का गो?"

समोर काळवंडलेला समुद्र. तळहातावर भर उन्हाची दुपार! जो सूर्य इथे बुडाला, तोच तिथे तळपत होता. वर्षानुवर्षे नारळ फिरवणाऱ्या सरांना आज पावलांखालची पृथ्वी वळल्यासारखी वाटली. त्यांचे डोळे भरले.

"अब्बा, ठेवू नका हां, आईकडे पळते!" कुवेतचे ऊन मुठीत धरून आलिया संधिप्रकाशातून धावत सुटली.

निहार पुटपुटला, "सर, उद्या तिच्या मोबाईलचे घड्याळ लावून देऊ?"

"हात लावलास तर खबरदार," सर म्हणाले. "उद्या ते मला वर्गात हवे आहे. जसे आहे तसेच."